चार बोटं खोल

पुस्तकात या जागांना नावं आहेत,
शरीरात नाहीत.
धडधाकट माणसाच्या मानेत पदराला पदर चिकटून असतो,
ओल्या कागदाला ओला कागद.
जागा होते ती कुणीतरी घुसल्यावर.

हे मी सातुर्निनो कोल्केला सांगितलं नाही.
पोतोसीच्या इस्पितळात, पहाटे तीनला,
तो आडवा होऊ शकत नव्हता.
स्ट्रेचरच्या कडेवर हनुवटी पुढे काढून
टॉवेलात लाळ गळू देत बसला होता,
आणि बोलायचा तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा.
शब्द एउलोखियाच लावून देत होती:
तीन आठवडे. डावी दाढ, खालची, शेवटून दुसरी.
कोकाची पानं तो त्याच गालात धरायचा,
दाढ बधिर व्हायची, पाळी निभायची,
खाणीतून वर आला की पुन्हा ठणका.
दंतवैद्याकडे पुढच्या शनिवारी.
मग पुढच्या.
मग एका शनिवारी ठणकाच थांबला,
दोघं जाऊन सूप पिऊन आले.

ठणका असा थांबतो तेव्हा हाड फुटलेलं असतं.

जबड्याच्या आतून एक स्नायू झोळीसारखा टांगलाय,
तोंडाचा तळ तो.
पहिल्या दाढेची मुळं बहुधा झोळीच्या वर संपतात,
दुसरीची खाली.
दोन-चार मिलिमीटर,
तेवढ्यावर ठरतं
पू जिभेखाली साचणार की तळघरात.
आणि झोळीची मागची कड मोकळी असते,
शिवायची राहून गेल्यासारखी.
तिथून वर, तिथून पलीकडे,
उजव्या बाजूला, जिथे एकही दात दुखत नव्हता.
मी हनुवटीखाली बोट दाबलं: लाकूड.
जीभ टाळूला टेकलेली.

यापुढची वाट परीक्षेसाठी पाठ केली होती.
घशाच्या बाजूने, घशाच्या मागे,
मग कण्यापुढचे दोन तलम पदर,
त्यांच्या मधल्या फटीला
आमचं पुस्तक, एरवी इतकं कोरडं,
सरळ धोक्याची जागा म्हणतं.
कवटीच्या तळापासून छातीच्या पडद्यापर्यंत
एकही आडवी भिंत नाही.
गळ्याशी आलं, म्हणतात लोक.
गळ्याशीच राहिलं तर उपकार.

देल्मिराने त्याला बसल्या-बसल्या, जागेपणी,
नाकातून नळी घातली.
मी गळ्यावर पेनाने रेघ मारून
ब्लेड घेऊन उभी होते,
ती चुकली तर.
ती चुकली नाही. पण नंतर
भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायली, बराच वेळ.

काप जबड्याखाली दोन बोटं सोडून,
वरून ओठाचा कोपरा हलवणारी नस जाते.
कातडीनंतर धार नाही.
बोथट चिमटा, मिटून आत, उघडून बाहेर.
पू फार नव्हताच. राखाडी पाणी,
आणि तो वास, जो हातमोज्यांतून घरी येतो.
डावीकडून घातलेलं बोट
उजवीकडच्या बोटाला जाऊन भेटलं
एका माणसाच्या हनुवटीखाली,
जिथे महिन्यापूर्वी सुईपुरतीही पोकळी नसणार.

सहाव्या दिवशी नळी निघाली.
गळ्यात अजून रबराच्या पट्ट्या लोंबत होत्या,
त्याने पहिल्यांदा दाढ मागितली.
खिडकीपाशी धरून पाहिली, फिरवून फिरवून,
खडकात चांदी आहे का बघावी तशी.
मग खरखरत विचारलं,
किती खोल गेलात, डॉक्टर?
चार बोटं.
तो हसला. ओठाचे दोन्ही कोपरे वर गेले,
मी तेच बघत होते.
चार बोटं, तो म्हणाला,
आमच्याकडे एवढ्यात माणूस वाकतसुद्धा नाही.

एउलोखिया हसली नाही.
तिने विचारलं, दाढ तेव्हाच काढली असती
तर किती पडले असते?
मी आकडा सांगितला.
तिने तो पुन्हा विचारला,
तिला नीट ऐकू आला नसावा तसा.